एकच फाइल, तीन संगणक: गॅमा वर्णपटाच्या प्रयोगशाळेतले पायथन

(ओळख पटू नये म्हणून संस्था, माणसे आणि काही बारकावे बदलले आहेत. तांत्रिक भाग घडला तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मातीतली नैसर्गिक किरणोत्सारिता मोजणारी छोटी प्रयोगशाळा आहे. शिशाच्या जाड कवचात सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर, त्याला जोडलेला, गॅमा किरणांची ऊर्जेनुसार १,०२४ कप्प्यांत (चॅनेलांत) विभागणी करणारा मल्टिचॅनेल ॲनालायझर आणि शेजारी संगणक. माती वाळवायची, चाळायची, प्लॅस्टिकच्या डब्यात घट्ट बंद करून रेडॉनचा समतोल साधेपर्यंत महिनाभर ठेवायची आणि मग रात्रभर काउंटिंगला लावायची. सकाळी हाती एक साधी टेक्स्ट फाइल येते: चॅनेल क्रमांक आणि त्यापुढे काउंट्स, म्हणजे त्या कप्प्यात मोजलेल्या किरणांची संख्या.

संशोधनाचा प्रश्न सरळ होता. दख्खनच्या बेसॉल्टवरच्या काळ्या मातीत पोटॅशियम कमी, पूर्व विदर्भातल्या ग्रॅनाइट-नाइस खडकांच्या पट्ट्यात जास्त. हा फरक किती, हे पोटॅशियम-४० च्या १,४६१ केईव्हीच्या (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) शिखरावरून, म्हणजे वर्णपटात त्या ऊर्जेपाशी उंचावणाऱ्या काउंट्सवरून, आणि थोरियम मालिकेतल्या थॅलियम-२०८ च्या २,६१४ केईव्हीच्या शिखरावरून काढायचे होते.

मोजणीचा संगणक विंडोज ७ वर चालतो, कारण ॲनालायझरचा ड्रायव्हर त्यापुढे चालत नाही. विंडोज ७ वर बसणारी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची शेवटची आवृत्ती ३.८, तीच तिथे होती. शेजारी विश्लेषणासाठी विंडोज १० चा एक संगणक, त्यावरही जुन्याच आवृत्त्या. तिसरे उबुंटूचे (लिनक्सच्या एका प्रकाराचे) वर्कस्टेशन एका प्रकल्पातून आलेले, पण ते बहुतेक वेळा दुसऱ्या गटाच्या घनता-फलन गणितांनी (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांच्या मोठ्या गणितांनी) अडवलेले असे. त्यामुळे मातीच्या नमुन्यांचे विश्लेषण नाइलाजाने विंडोजच्या दोन संगणकांवरच होत आले.

पायथन तिथे कुणी ठरवून आणले नव्हते. पूर्वी सगळे काम उत्पादकाच्या सॉफ्टवेअरवर आणि एक्सेलवर चाले. एका जुन्या संशोधक विद्यार्थ्याने शिखराचे क्षेत्रफळ, म्हणजे त्यातले एकूण काउंट्स, काढणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिली, त्याची पीएचडी झाली, तो गेला आणि स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरून पुढच्यांकडे येत राहिली. प्रत्येकाने आपल्या गरजेपुरत्या दोन ओळी वाढवल्या. वापरणारे पुष्कळ, मालक कुणीच नाही. इन्स्टॉलेशनचीही तीच तऱ्हा: संगणकावर सर्वांसाठी एकच पायथन, ॲडमिनचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर, आणि ज्याला जे पॅकेज (तयार कोडचा संच) हवे तो ते टाकणार. एकाने तक्त्यांचे पॅकेज पांडाज नवे केले की दुसऱ्याची स्क्रिप्ट बंद पडायची. मग आरडाओरडा, मग जुनी आवृत्ती परत. याची सगळ्यांना सवय झाली होती.

अडचण

एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी त्याच नमुन्यांपैकी काही घेतले होते. स्क्रिप्ट तीच, फाइल तीच, फक्त संगणक तिचा स्वतःचा नवा विंडोज ११ चा लॅपटॉप. पूर्व विदर्भातल्या नमुन्यांचे पोटॅशियम तिला पीएचडी करणाऱ्या ताईच्या तक्त्यापेक्षा जवळपास दहा टक्के जास्त येत होते. बेसॉल्टच्या नमुन्यांचे मात्र तंतोतंत जुळत होते.

तिने ते ताईला दाखवले, ताईने सरांना. पहिली प्रतिक्रिया कुठल्याही प्रयोगशाळेत येईल तीच आली: किरणोत्सारितेच्या मोजणीत चढउतार असायचेच.

हा पहिला निर्णयाचा टप्पा, आणि प्रकरण इथेच मिटायचे ते थोडक्यात वाचले. १२,००० काउंट्सच्या शिखरात सांख्यिकीय अनिश्चितता वर्गमुळाच्या हिशेबाने एक टक्क्याहून कमी येते. दहा टक्के त्यात बसत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट अशी की सांख्यिकीय चढउतार दोन वेगवेगळ्या मोजण्यांत असतो. इथे मोजणी एकच होती. एकाच फाइलवर तीच बेरीज-वजाबाकी दोनदा केली तर उत्तर एकच यायला हवे. हे त्या एमएस्सीच्या मुलीने बोलून दाखवले. "सर, फाइल तर तीच आहे ना?" एवढेच ती म्हणाली. त्यानंतर सरांनी दोन्ही तक्ते बाजूला ठेवून कारण शोधायला सांगितले आणि विभागातल्या संगणकांचे काम बघणारा म्हणून मला बोलावले.

शोध

तीच फाइल उबुंटूवर चालवली. उत्तर लॅपटॉपशी जुळले. त्यामुळे "जुने विंडोज बिघडलेय" असा सूर लागला. पण लॅपटॉपही विंडोजचाच होता, म्हणजे प्रश्न विंडोज विरुद्ध लिनक्स इतका सोपा नव्हता.

सरांचे म्हणणे व्यवहारी होते: "उबुंटूवर बरोबर येतंय ना, मग सगळं तिकडे चालवा आणि पुढे सरका." हा दुसरा टप्पा. ताईला सहा महिन्यांत प्रबंध द्यायचा होता, त्यामुळे तिलाही ते पटत होते. माझा आक्षेप इतकाच होता की उबुंटूचे उत्तर बरोबर हे ठरवले कुणी? दोन संगणकांचे एकमत म्हणजे पुरावा नव्हे. कारण कळल्याशिवाय कुठला आकडा खरा हे सांगता येत नाही, आणि जुन्या तक्त्यांपैकी कोणते बिघडले आहेत हेही कळत नाही.

इथे एक जुनी घटना उपयोगी पडली. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते की एनएमआरच्या (रेणूंची रचना ओळखण्याच्या चुंबकीय पद्धतीच्या) गणितासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पायथन स्क्रिप्टचे उत्तर ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणे बदलते. फोल्डरमधल्या फाइलींची यादी पायथन ज्या क्रमाने देते तो क्रम सिस्टिमवर अवलंबून असतो, आणि स्क्रिप्टने तो क्रम ठरलेला आहे असे गृहीत धरले होते. हे ऐकल्यावर सरांनी पुढे सरकण्याचा आग्रह सोडला. आम्हीही आधी हाच संशय धरला आणि फाइली क्रमवार लावून पाहिल्या. फरक पडला नाही. मग फाइलचे एन्कोडिंग, दशांशचिन्ह, ओळीचा शेवट हे नेहमीचे आरोपी तपासले. सगळे निर्दोष सुटले.

शेवटी कंटाळवाणी पण खात्रीची वाट धरली: विंडोज १० चा संगणक आणि उबुंटू शेजारी शेजारी, तीच फाइल, आणि प्रत्येक पायरीनंतर आकडा छापायचा. वाचलेले काउंट्स सारखे. शिखराचे मध्य सारखे. शिखराच्या कडा जिच्यावरून ठरतात ती रुंदी वेगळी. उबुंटूवर पोटॅशियमच्या शिखराची रुंदी प्रत्येक नमुन्यात २३ चॅनेलांच्या आगेमागे, थोडी कमी-जास्त. विंडोजवर ग्रॅनाइटच्या सगळ्या नमुन्यांत १५.७. प्रत्येक वेळी तीच, शेवटच्या दशांशापर्यंत. निसर्ग इतका शिस्तीचा नसतो. ही रुंदी मोजलेली नव्हती, कुठून तरी भरलेली होती.

स्क्रिप्टमध्ये शोधल्यावर ती ओळ सापडली. रुंदीचे गणित फसून 'नॅन', म्हणजे संख्याच नाही असे उत्तर आले, तर सीझियम-१३७ च्या कॅलिब्रेशनची (६६२ केईव्हीच्या शिखराची) रुंदी वापरावी, अशी तरतूद कुणीतरी केली होती. शिवाय सुरुवातीलाच सगळ्या वॉर्निंग्ज गप्प करणारी ओळ होती. स्क्रीनवरचा तांबडा मजकूर नको म्हणून. वर्गमुळात उणे संख्या आली असे नमपाय, म्हणजे पायथनचे गणिताचे पॅकेज, प्रत्येक वेळी सांगत होते, पण ते कुणापर्यंत पोचत नव्हते.

आता वर्गमुळात उणे संख्या आली कशी? रुंदी काढायला चॅनेल क्रमांकाच्या वर्गाला काउंट्सनी गुणून बेरीज घ्यावी लागते. पोटॅशियमचे शिखर ४९८ व्या चॅनेलच्या आसपास येते. ४९८ चा वर्ग २,४८,००४. शिखरात १२,००० काउंट्स असतील तर बेरीज सुमारे २९७ कोटी ६० लाख. पायथनची स्वतःची पूर्णांक संख्या कितीही मोठी होऊ शकते, ती कधी भरून वाहत नाही. नमपायच्या ॲरेतल्या (संख्यांच्या यादीतल्या) संख्येला मात्र ठरावीक जागा असते. स्क्रिप्ट काउंट्स 'पूर्णांक' म्हणून वाचत होती, आणि नमपायच्या जुन्या आवृत्त्यांत विंडोजवर पूर्णांकाची जागा ३२ बिटांची असे, लिनक्सवर ६४ बिटांची. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. तिच्यापुढे गेले की जुन्या स्कूटरच्या किलोमीटर काट्यासारखे होते, फक्त हा काटा शून्यावर न येता उणे २१४ कोटींवर जातो. आपली २९७ कोटींची बेरीज अशी फिरून उणे १३२ कोटींच्या आसपास येत होती. तक्रार नाही, थांबणे नाही.

२०२४ च्या जूनमध्ये आलेल्या नमपाय २.० ने विंडोजच्या ६४-बिट संगणकांवरही पूर्णांक ६४ बिटांचा केला. लॅपटॉपवर नवे नमपाय होते, म्हणून तो विंडोजचा असूनही उबुंटूच्या बाजूने बोलत होता. पायथन ३.८ साठीचे शेवटचे नमपाय १.२४. म्हणजे मोजणीच्या संगणकावर हा दोष अद्ययावत करून जाणे शक्यच नव्हते.

हिशेब मांडल्यावर सगळे जुळले. पोटॅशियमच्या शिखरात साधारण ८,६५० काउंट्सच्या पुढे गेले की बेरीज फुटते. थॅलियमच्या शिखरात, चॅनेल ८९२ च्या आसपास असल्यामुळे, २,७०० लाच. बेसॉल्टच्या मातीत रात्रभरात पोटॅशियमचे काउंट्स सहा-सात हजारांवर जात नसत, ते वाचले. ग्रॅनाइटच्या मातीत मर्यादा ओलांडली जाई, तिथे सीझियमची अरुंद रुंदी वापरली जाई. सोडियम आयोडाइडमध्ये ऊर्जा वाढते तशी शिखराची रुंदीही वाढते, त्यामुळे १,४६१ केईव्हीच्या शिखरासाठी ६६२ केईव्हीची रुंदी तोकडी. शिखराच्या दोन्ही कडा कापल्या जात आणि दहा टक्के क्षेत्रफळ गायब. म्हणजे चूक नेमकी तिथेच होत होती जिथे पोटॅशियम जास्त होते. ज्या फरकाचा शोध घ्यायचा, तोच फरक स्क्रिप्ट गुपचूप कमी करत होती.

एक गोष्ट जाता जाता. कार्यक्षमतेचे कॅलिब्रेशन (किती काउंट्स म्हणजे किती पोटॅशियम हे ठरवणे) ताईने प्रमाणित पोटॅशियमच्या नमुन्यावरून उबुंटूवर केले होते. ते विंडोजवर केले असते तर प्रमाणित नमुन्यातही तीच कड कापली गेली असती, ग्रॅनाइटच्या मातीपुरती चूक भागाकारात कटली असती आणि उलट बेसॉल्टचेच आकडे फुगले असते. मग पूर्व विदर्भाचे आकडे बरोबर पाहून सगळ्यांनी निःशंकपणे बेसॉल्टबद्दल चुकीचे लिहिले असते.

पर्याय

दोष दुरुस्त करायला एक ओळ पुरली: फाइल वाचतानाच काउंट्स दशांश संख्या म्हणून घ्यायचे. खरा प्रश्न पुढचा होता. असे पुन्हा होऊ नये म्हणून प्रयोगशाळेतले पायथन कसे मांडायचे?

मोजणीचा संगणक नवा करावा, असे संगणक केंद्राचे मत. विंडोज ७ चा आधार २०२० च्या जानेवारीतच संपला, त्यामुळे त्यांचे म्हणणे रास्त होते. पण त्यासाठी नवा ॲनालायझर लागेल, म्हणजे निविदा, मंजुरी आणि पुन्हा सगळे कॅलिब्रेशन. ताईचा प्रबंध त्यात अडकला असता.

सरांनी फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेकडे परत जाण्याचा विचार मांडला. त्यांच्या तरुणपणीचा प्रोग्रॅम अजून कपाटात होता. त्यांना हळूच सांगावे लागले की नेहमीच्या फोर्ट्रान कंपायलरांतही पूर्णांक ३२ बिटांचाच असतो, आणि आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावे जुन्या पद्धतीत आपोआप पूर्णांक ठरतात. सर मनापासून हसले आणि तो विषय संपला.

सगळ्यांसाठी एकच मोठे ॲनाकोंडा (पायथन आणि पॅकेजे एकत्र देणारा संच) बसवणे सोपे वाटत होते. पण एकच सामायिक इन्स्टॉलेशन हीच तर आधीची दुखरी जागा, आणि शिवाय २०२० पासून २०० हून अधिक माणसांच्या संस्थांसाठी परवान्याच्या अटी बदललेल्या. त्या वाटेला जायचे नाही असे ठरले. ब्राउझरमधून चालणारी क्लाउड नोटबुके मुलांना आवडतात, पण तिथल्या आवृत्त्या आपल्याला न विचारता बदलतात. आम्हाला नेमके तेच टाळायचे होते. कंटेनरचा (सगळे सॉफ्टवेअर एकाच बंद खोक्यात बांधून चालवण्याचा) पर्याय मी स्वतःच मागे घेतला. तांत्रिकदृष्ट्या तो सर्वांत पक्का, पण दर वर्षी बदलणाऱ्या एमएस्सीच्या मुलांना तो शिकवणार कोण?

काय केले

मोजणीच्या संगणकाचे काम फक्त मोजणी, असे ठरले. तो नेटवर्कवरून काढला. त्यावरच्या पायथनला हात लावायचा नाही, कारण रात्री फाइल आपोआप साठवणारी छोटी स्क्रिप्ट त्यावर आहे आणि प्रयोगशाळा सहाय्यक काकांचे काम तिच्यावर चालते. विश्लेषण तिथे बंद. पासवर्डचा कागद काढला, आणि याचीच कुरकुर सर्वांत जास्त झाली.

विश्लेषण उबुंटूवर. दुसऱ्या गटाशी बोलून काही कोअर मातीच्या कामासाठी राखून घेतले. ही वाटाघाट कुठल्याही तांत्रिक कामापेक्षा लांबली, आणि विभागप्रमुखांनी मध्ये पडल्यावरच सुटली. प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचे आभासी वातावरण, म्हणजे पॅकेजांचा वेगळा कप्पा, त्यात पॅकेजांच्या आवृत्त्या नेमक्या लिहिलेल्या. सिस्टिमच्या पायथनमध्ये कुणी काही टाकायचे नाही. अलीकडचे उबुंटू हे स्वतःच अडवते, पण "सिस्टिम मोडली तरी चालेल" अशा अर्थाचा पर्याय जोडून पुढे जाता येते, आणि इंटरनेटवरची पहिली उत्तरे तोच पर्याय सुचवतात. मुलांना तो का वापरायचा नाही हे समोर बसवून दाखवले.

स्क्रिप्टमधली 'नॅन' झाकणारी ओळ काढली. आता रुंदी मिळाली नाही तर गणित तिथेच थांबते आणि नमुन्याचे नाव सांगते. वॉर्निंग्ज पुन्हा बोलू लागल्या. प्रत्येक निकालाच्या डोक्यावर संगणकाचे नाव, पायथन आणि नमपायची आवृत्ती छापली जाते. प्रमाणित पोटॅशियमची एक फाइल आणि मुद्दाम भरमसाट काउंट्स घातलेली एक कृत्रिम फाइल परीक्षेसाठी ठेवली आहे. दोन्हींची उत्तरे माहीत आहेत, नव्या संगणकावर आधी ती जुळली पाहिजेत.

मग जुने नमुने. कच्च्या फाइली होत्या तिथे पुन्हा गणित करणे अर्ध्या दिवसाचे काम ठरले. काही नमुन्यांचे फक्त एक्सेलचे तक्ते उरले होते. त्यांतल्या काहींचे डबे अजून बंद होते, ते पुन्हा काउंटिंगला लावले. बाकीचे डबे धुऊन दुसऱ्या मातीला वापरले गेले होते. ते नमुने प्रबंधातून वगळायचे की जुना आकडा टीप देऊन ठेवायचा, यावर ताई आणि सर यांचे एकमत होईना. सरांना नमुन्यांची संख्या कमी व्हायला नको होती. ताई म्हणाली, "व्हायवात या आकड्याबद्दल विचारलं तर उत्तर मला द्यायचंय, सर." नमुने वगळले.

परिणाम

ग्रॅनाइटच्या पट्ट्यातले पोटॅशियम दहा टक्क्यांच्या आसपास वाढले, थोरियम काही नमुन्यांत. दोन पट्ट्यांतला फरक आधीपेक्षा ठळक दिसतो. एका परिषदेला पाठवलेल्या सारांशात जुने आकडे होते. आयोजकांना पत्र लिहून ते बदलून घेतले, आणि ते कुठलीही खळखळ न करता बदलले गेले. प्रबंध एक सत्र लांबला. लांबण्याचे कारण अर्जात काय लिहायचे यावरच बराच खल झाला. शेवटी "विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधील दोषामुळे पुनर्गणना" असे साधे वाक्य गेले.

त्या एमएस्सीच्या मुलीच्या प्रबंधात या पडताळणीवर स्वतंत्र प्रकरण आहे. गुण किती मिळाले ते सांगत नाही, पण परीक्षकांनी सर्वाधिक प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले.

वेगळे काय करता आले असते

'नॅन' झाकणारी ओळ ज्याने लिहिली त्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याची अडचण खरी असणार: रात्री शंभर फाइली चालवताना एका रिकाम्या शिखरापाशी स्क्रिप्ट अडकली की सकाळी हातात काहीच नाही. त्याने पर्यायी रुंदी वापरताना निकालात एक खूण केली असती, तरी पहिल्याच आठवड्यात सगळे उघड झाले असते.

कॅलिब्रेशन एका संगणकावर आणि नमुने दुसऱ्यावर, हे कुणाला खटकले नाही, कारण संगणक हा मोजणीच्या साखळीचा भाग धरलाच जात नव्हता. डिटेक्टरचा व्होल्टेज बदलला तर वहीत नोंद होते, नमपाय बदलले तर नाही.

माझ्या मते सर्वांत मोठी संधी मात्र त्याही आधी हुकली होती. रुंदीचा आलेख कुणी काढलाच नव्हता. स्क्रिप्ट प्रत्येक नमुन्याची रुंदी तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात छापत होती. तो रकाना वरपासून खालपर्यंत एकदा नजरेखालून घातला असता तर एकसारखे १५.७ कुणालाही दिसले असते. प्रबंधाला लागणारा आकडा दुसऱ्या रकान्यात होता, म्हणून सगळे तिथेच थांबत.

एक प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. त्याच संगणकांवर, त्याच स्क्रिप्टने झालेले जुन्या तुकड्यांचे एमएस्सीचे प्रबंध ग्रंथालयात आहेत. दोन तुकड्यांच्या कच्च्या फाइली मिळाल्या आहेत, त्यांची पुनर्गणना चालू आहे, आणि तयार होतील तशा दुरुस्तीच्या टिपा त्या प्रतींना जोडल्या जातील. बाकीच्यांच्या फाइली विद्यार्थ्यांबरोबर गेल्या. त्यांच्यापैकी ज्यांचे पत्ते विभागाकडे आहेत त्यांना सरांनी स्वतः पत्रे लिहायला घेतली आहेत.